आतड्याची तपासणी केव्हा आणि किती वर्षांनी? काही आकड्यांचा इतिहास

आजचा विषय चारचौघांत काढायचा नाही, अशी आपल्याकडे पद्धत आहे. पोट साफ झालं की नाही, हे आपण घरात रोज बोलतो. पण संडासातून रक्त जातंय, हे माणूस सहा-सहा महिने घरात कुणाला सांगत नाही. म्हणून आधीच सांगून टाकतो, की आज आपण मोठ्या आतड्याच्या कॅन्सरबद्दल बोलणार आहोत, आणि त्यातही एकाच प्रश्नाबद्दल. काहीही त्रास होत नसताना या कॅन्सरसाठी तपासणी करायची का? करायची तर कितव्या वर्षापासून, आणि किती वर्षांनी पुन्हा?

याची उत्तरं जगात आकड्यांत मिळतात, आणि आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. अमेरिकेत सांगतात, ४५व्या वर्षी सुरू करा; शौचाची चाचणी दर वर्षी, नाहीतर दुर्बीण, म्हणजे कोलोनोस्कोपी, दर १० वर्षांनी. इंग्लंडमध्ये शौचाची चाचणी दर दोन वर्षांनी, आणि सुरुवातीला ती वयाच्या ६०व्या वर्षापासून होती, आता ५०व्या वर्षावर आली. जपानमध्ये दर वर्षी, तीही ४०व्या वर्षापासून. आणि पुण्यात किंवा नागपुरात राहणाऱ्या आई-वडिलांना यातलं कुणी काहीच सांगत नाही, त्यांच्या न्यू जर्सीतल्या मुलाला मात्र पंचेचाळिशी आली की डॉक्टर विचारतात, "तपासणी कधी करताय?"

आतडं तर सगळ्यांचं सारखंच. मग आकडे वेगळे का? आमचं म्हणणं असं, की हे आकडे निसर्गात लिहून ठेवलेले नव्हते. ते कुणीतरी, कधीतरी, हातात जे साधन होतं, जो पुरावा होता आणि जितका पैसा होता, त्यावरून ठरवले. ते कसे ठरले हे कळलं, की आपल्यापुरतं काय करायचं, हेही बरंच स्पष्ट होतं.

रंग बदलणारी राळ

गोष्ट एका झाडापासून सुरू होते. कॅरिबियन बेटांवर गुयॅकम नावाचं झाड होतं. त्याच्या खोडातून राळ निघते. या राळेत रक्त मिसळलं आणि वर हायड्रोजन पेरॉक्साइडसारखं काही टाकलं, की ती निळी होते. १८६४ साली नेदरलँड्समधल्या व्हान डीन या वैद्यकाने रक्त ओळखण्यासाठी याचा उपयोग सांगितला.

१९०१मध्ये बर्लिनच्या इस्मार बोआस यांनी पुढचं पाऊल टाकलं. पोटाचे आणि आतड्याचे विकार ही वैद्यकाची स्वतंत्र शाखा म्हणून उभी करणाऱ्यांपैकी हे एक. त्यांनी दाखवलं, की डोळ्यांना अजिबात न दिसणारं रक्तही शौचात असू शकतं, आणि असं गुप्त रक्त पचनमार्गातल्या कॅन्सरची खूण असू शकते. बोआस ज्यू होते. मार्च १९३८मध्ये नाझी फौजा व्हिएन्नात शिरल्या, आणि त्याच महिन्यात तिथे त्यांनी आयुष्य संपवलं. त्यांची कल्पना मात्र टिकली.

पण बघा, बोआस यांची चाचणी दवाखान्यात आलेल्या, आजारी असलेल्या माणसासाठी होती. १९६७ साली अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात डेव्हिड ग्रीगर या डॉक्टरांनी ती उलटी फिरवली. गुयॅकम लावलेली कागदी पट्टी रुग्णाला घरी द्यायची, त्याने सलग तीन दिवस काडीने शौचाचा ठिपका त्यावर लावायचा आणि पट्टी परत पाठवायची. हे त्यांनी ज्यांना काहीच त्रास नाही अशा लोकांत केलं, आणि कॅन्सर सापडले. स्क्रीनिंग म्हणतात ते हेच. आजाऱ्याची नव्हे, तर स्वतःला धडधाकट समजणाऱ्या माणसाची तपासणी.

या चाचणीत एक अडचण होती. राळेला रक्त माणसाचं की बोकडाचं, हे कळत नाही. मटण खाल्लं, मुळ्यासारख्या काही भाज्या खाल्ल्या, तरी पट्टी निळी होऊ शकते. म्हणून पथ्य सांगावं लागे. पुढे माणसाच्याच हिमोग्लोबिनला चिकटणाऱ्या प्रतिपिंडांवर आधारलेली चाचणी आली. तिला फिट म्हणतात. तिला पथ्य लागत नाही. जपानने १९९२पासून ती देशभर सुरू केली. आज जगभर शौचाची चाचणी म्हटलं की बहुतेक हीच.

पॉलिप नावाचा वेळ

आता दुसरा धागा. रक्त शोधून उपयोग कधी? रोगाला वाढायला वेळ लागत असेल तरच. एखादा रोग महिन्याभरात उभा राहून माणसाला नेत असेल, तर वर्षातून एकदा बघून काय मिळणार? हा वेळ कुठे असतो, हे लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलने शोधलं.

१९२०च्या दशकात तिथे शल्यविशारद लॉकहार्ट-ममरी आणि विकृतिशास्त्रज्ञ कथबर्ट ड्यूक्स यांनी अशा घराण्यांची नोंदवही सुरू केली, ज्यांच्या आतड्यात तरुणपणीच शेकडो कोंब येतात. याच कोंबांना पॉलिप म्हणतात. या घराण्यांत पुढे कॅन्सर जवळजवळ ठरलेला. म्हणजे आधी कोंब, मग कॅन्सर. पुढे बेसिल मॉर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली हजारो नमुने पाहून दाखवलं, की साध्या माणसातही बहुतेक कॅन्सर याच वाटेने येतात. ॲडिनोमा नावाचा साधा पॉलिप हळूहळू मोठा होतो, आणि त्यातल्या थोड्यांचा कॅन्सर होतो.

थोड्यांचा म्हणजे किती, आणि हळूहळू म्हणजे किती? याचं उत्तर आज कुणी प्रयोग करून मिळवू शकत नाही. कारण दिसलेला पॉलिप मुद्दाम तसाच ठेवून वाट बघणं योग्य नाही. पण अमेरिकेतल्या मेयो क्लिनिककडे जुने कागद होते. दुर्बीण यायच्या आधी पॉलिप बेरियमच्या क्ष-किरण चित्रांत दिसत, आणि काढायचा तर पोट फाडावं लागे. त्यामुळे अनेकांनी तो तसाच राहू दिला. एक सेंटिमीटर किंवा त्याहून मोठा पॉलिप असलेल्या अशा २२६ लोकांचा हिशोब १९८७मध्ये प्रसिद्ध झाला. पॉलिपच्याच जागी कॅन्सर होण्याचं प्रमाण पाच वर्षांत २.५ टक्के, १० वर्षांत ८ टक्के, २० वर्षांत २४ टक्के.

हे आकडे जरा लक्षात ठेवा. यात दोन गोष्टी एकदम दिसतात. एक, मोठे पॉलिपही बहुतेकदा वीस वर्षांत कॅन्सर होत नाहीत. दुसरी, जे होतात त्यांना वर्षं लागतात, महिने नव्हे. आपल्याला मिळालेला वेळ तो हाच.

दुर्बीण वाकते

तिसरा धागा प्रकाशाचा. कडक, सरळ नळीने गुदद्वारातून २५ सेंटिमीटरपर्यंत बघता येई. पुढे आतडं वळतं, नळी वळत नाही. १९५४मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात हॅरॉल्ड हॉपकिन्स आणि पंजाबातल्या मोग्याला जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी काचेच्या बारीक तंतूंच्या जुडीतून चित्र वाकवून नेता येतं, हे दाखवलं. तो निबंध वाचून बेसिल हिर्शोविट्झ लंडनला गेले, आणि १९५७मध्ये मिशिगनला त्यांनी जठर बघणारी लवचीक दुर्बीण तयार केली. १९६०च्या दशकात तीच कल्पना खालच्या बाजूने मोठ्या आतड्यात गेली.

खरी कलाटणी १९६९मध्ये. न्यू यॉर्कच्या बेथ इस्रायल रुग्णालयात विल्यम वूल्फ आणि हिरोमी शिन्या यांनी दुर्बिणीतून तारेचा फास आत नेला, पॉलिपच्या देठाभोवती आवळला, आणि वीज सोडून तो कापून बाहेर काढला. पोटावर एक टाका नाही. कालपर्यंत जे दिसलं तर मोठी शस्त्रक्रिया होती, ते आता बघता बघता काढता येऊ लागलं. तेव्हापासून या तपासणीचा अर्थच बदलला. नुसता कॅन्सर लवकर शोधायचा नाही, तर तो होऊच द्यायचा नाही.

सापडला म्हणजे वाचला का?

इथे थोडं थांबू, कारण सगळा वाद इथेच आहे. लोकांना वाटतं, लवकर सापडला म्हणजे वाचला. यात एक फसगत असते. समजा डेक्कन क्वीनने दोघे पुण्याला निघालेत. एक दादरला चढला, दुसरा लोणावळ्याला. दादरवाल्याचा प्रवास लांबचा झाला. पण पुण्याला दोघे एकाच वेळी उतरणार. तसंच रोग दोन वर्षं आधी कळला आणि मरणाची तारीख तीच राहिली, तर "रोग कळल्यानंतर माणूस दोन वर्षं जास्त जगला" असं कागदावर दिसतं. प्रत्यक्षात त्याला मिळाली ती दोन वर्षांची जास्त काळजी.

मिनेसोटा विद्यापीठाच्या कॅन्सर तपासणी केंद्रात १९४८पासून पंचवीस वर्षं ४५ वर्षांवरच्या १८ हजारांहून अधिक लोकांची दर वर्षी कडक नळीने तपासणी झाली. दिसलेले पॉलिप काढले, आणि गुदाशयाचे कॅन्सर अपेक्षेपेक्षा खूपच कमी झाले. व्हिक्टर गिल्बर्टसन यांनी हे मांडलं, तेव्हा टीकाकारांनी रास्त प्रश्न विचारला. अपेक्षेपेक्षा कमी म्हणजे कुणाच्या तुलनेत? दर वर्षी नेमाने तपासणीला येणारे लोक मुळातच प्रकृतीची काळजी घेणारे असतात.

याला उत्तर एकच, चिठ्ठ्या टाकणं. त्याच विद्यापीठाने १९७५च्या सुमाराला प्रयोग सुरू केला. ५० ते ८० वयाच्या ४६,५५१ लोकांचे नशिबावर तीन गट पाडले. एका गटाला पट्टीची चाचणी दर वर्षी, दुसऱ्याला दर दोन वर्षांनी, तिसऱ्याला काहीच नाही. पट्टीत रक्त दिसलं तर पुढे कोलोनोस्कोपी. निकाल १९९३मध्ये आला. तेरा वर्षांत आतड्याच्या कॅन्सरने झालेले मृत्यू, दर हजारी: दर वर्षीच्या गटात ५.८८, काहीच न केलेल्या गटात ८.८३. म्हणजे एक तृतीयांश घट. आणि दर दोन वर्षांच्या गटात ८.३३, म्हणजे जवळजवळ फरक नाही!

मग दोन वर्षांचं अंतर निरुपयोगी ठरलं का? तसं झालं नाही. १९९६मध्ये 'लॅन्सेट'च्या एकाच अंकात दोन प्रयोग छापून आले. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचा दीड लाख लोकांचा आणि डेन्मार्कमधल्या फ्यून बेटाचा सुमारे ६२ हजारांचा. दोन्हींत चाचणी दर दोन वर्षांनी, आणि मृत्यूंत घट अनुक्रमे १५ आणि १८ टक्के. मिनेसोटातही थोडी जास्त वर्षं गेल्यावर दोन वर्षांच्या गटातली घट २१ टक्के दिसली. रोग सावकाश, म्हणून फायदाही सावकाश दिसतो.

इंग्लंडचा "दर दोन वर्षांनी" आणि अमेरिकेचा "दर वर्षी" या आकड्यांचा उगम हा आहे. दोन्ही देशांनी आपापल्या घरचा पुरावा उचलला. आणि मिनेसोटाने ५०व्या वर्षापासून लोक घेतले होते, म्हणून ५० या वयाच्या मागे पुरावा उभा राहिला. खरं तर अमेरिकन कॅन्सर सोसायटीने १९८०मध्येच पन्नाशीचा सल्ला दिला होता, कारण त्या वयापुढे हा रोग वेगाने वाढतो. प्रयोगाने त्यावर शिक्का मारला.

एक गोष्ट इथे प्रामाणिकपणे सांगायला हवी. मिनेसोटाचा तीस वर्षांचा हिशोब २०१३मध्ये आला. आतड्याच्या कॅन्सरचे मृत्यू दर वर्षीच्या गटात ३२ टक्क्यांनी कमी होते. पण सगळी कारणं धरून झालेले एकूण मृत्यू तिन्ही गटांत सारखेच. आतड्याचा कॅन्सर हे मरणाच्या अनेक कारणांपैकी एक. ते एक कारण कमी झालं, म्हणून एवढ्या मोठ्या बेरजेत फरक दिसेलच असं नाही. तपासणी एका रोगापासून वाचवते, मरणापासून नाही.

दहा वर्षं कुठून आली?

कोलोनोस्कोपी दर १० वर्षांनी, हा आकडा १९९७च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांत आला. तेव्हा कोलोनोस्कोपीचा चिठ्ठ्या टाकून केलेला एकही प्रयोग पूर्ण झालेला नव्हता. मग १० कसे? तर्काने. पॉलिपचा कॅन्सर व्हायला सरासरी दहाएक वर्षं लागतात, हे मेयोसारख्या नोंदींवरून दिसत होतं. १९९२मध्ये कॅलिफोर्नियातल्या कायझर परमनेन्टे संस्थेच्या नोंदी पाहून ज्यो सेल्बी यांनी दाखवलं होतं, की कडक नळीच्या एका तपासणीचं संरक्षण दहा वर्षांपर्यंत टिकतं. १९९३मध्ये सिडनी विनावर यांच्या नॅशनल पॉलिप स्टडीने सांगितलं, की पॉलिप काढून टाकलेल्या लोकांत अपेक्षेच्या मानाने कॅन्सर ७६ ते ९० टक्क्यांनी कमी झाले. या सगळ्यांची मोळी बांधून १० हा आकडा काढला गेला.

चिठ्ठ्या टाकून केलेल्या प्रयोगाचा निकाल यायला २०२२ उजाडलं. पोलंड, नॉर्वे, स्वीडन या देशांतल्या ५५ ते ६४ वयाच्या सुमारे ८५ हजार लोकांचा नॉर्डिक प्रयोग. दहा वर्षांत कॅन्सर होण्याचं प्रमाण बोलावलेल्या गटात ०.९८ टक्के, न बोलावलेल्या गटात १.२० टक्के. एक कॅन्सर टाळायला ४५५ लोकांना बोलवावं लागलं. ज्यांना क्रांतीची अपेक्षा होती, ते निराश झाले. पण बोलावलेल्यांपैकी प्रत्यक्ष आले फक्त ४२ टक्के, हेही लक्षात घ्यायला हवं. स्पेनमध्येही असंच दिसलं. २०१२च्या अहवालात दुर्बिणीसाठी २४.६ टक्के लोक आले, शौचाच्या चाचणीसाठी ३४.२ टक्के, आणि पहिल्या फेरीत सापडलेले कॅन्सर दोन्हीकडे जवळपास सारखे. पेटीत पडून राहिलेल्या उत्तम हत्यारापेक्षा हातात घेतलेलं साधं हत्यार बरं, एवढाच याचा अर्थ.

उलट, स्वीडनच्या नोंदींवरून २०२४मध्ये असं मांडलं गेलं, की पहिली कोलोनोस्कोपी स्वच्छ निघाली आणि घरात कुणाला हा रोग नसेल, तर पुढची १५ वर्षांनी केली तरी फारसं बिघडत नाही. म्हणजे १० हा आकडाही अजून हलतो आहे.

शिवणकाम करणारी बाई

आतापर्यंतचे आकडे सरासरी माणसाचे. पण काही माणसं सरासरीत बसत नाहीत. १८९५मध्ये मिशिगनमधल्या ॲन आर्बरला ऑल्ड्रेड वॉर्थिन या विकृतिशास्त्रज्ञांना त्यांच्याकडे शिवणकाम करणाऱ्या बाईने सांगितलं, की आमच्या घरात सगळे कॅन्सरनेच जातात, मीही तशीच जाईन. आणि ती तरुणपणीच कॅन्सरने गेली. वॉर्थिन यांनी तिच्या घराण्याचा वंशवृक्ष १९१३मध्ये प्रसिद्ध केला. अर्धशतकाने ओमाहाच्या हेन्री लिंच यांनी हा धागा उचलला. अशा घराण्यांना मद्यपान, हवामान, योगायोग अशी कारणं चिकटवणाऱ्या जगाला ते वर्षानुवर्षं सांगत राहिले, की हे आनुवंशिक आहे. १९९३पासून त्यामागची जनुकं सापडू लागली. आज त्याला लिंच सिंड्रोम म्हणतात. याच्यात पॉलिपचा कॅन्सर व्हायला दहा वर्षं लागत नाहीत. म्हणून दुर्बीण विशी-पंचविशीपासून, आणि दर एक-दोन वर्षांनी. फिनलंडमध्ये अशा घराण्यांची पंधरा वर्षं दर तीन वर्षांनी दुर्बिणीने तपासणी केली, तर कॅन्सर ६२ टक्क्यांनी कमी झाले.

घरात इतकी दाट साखळी नसली, पण आई, वडील, भाऊ, बहीण यांपैकी एखाद्याला हा कॅन्सर झाला असेल, तरी नियम बदलतो. सुरुवात ४०व्या वर्षी, किंवा त्या नातेवाइकाला ज्या वयात झाला त्याच्या दहा वर्षं आधी, यांपैकी जे लवकर येईल तेव्हा. वडिलांना ४८व्या वर्षी झाला असेल, तर मुलाने ३८व्या वर्षी. आता विचार करा, आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे, आजोबा "पोटाच्या दुखण्याने" गेले म्हणजे नेमके कशाने गेले?

पन्नासचे पंचेचाळीस

१९८५च्या जुलैत अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांच्या मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागात मोठा पॉलिप सापडला, शस्त्रक्रिया झाली, आत कॅन्सर निघाला. ते पुढे १९ वर्षं जगले. मार्च २००० मध्ये केटी कुरिक या टीव्ही निवेदिकेने स्वतःची कोलोनोस्कोपी कॅमेऱ्यासमोर करून घेतली. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा ४२व्या वर्षी याच रोगाने गेला होता. त्यानंतरच्या महिन्यांत अमेरिकेत कोलोनोस्कोपी वाढल्या, याचा रीतसर अभ्यासही झाला. २००१पासून तिथल्या सरकारी विम्याने सर्वसाधारण जोखमीच्या ज्येष्ठांसाठीही कोलोनोस्कोपीचा खर्च उचलायला सुरुवात केली.

२०१७मध्ये अमेरिकेतल्या नोंदींवरून दिसलं, की १९९०च्या आसपास जन्मलेल्यांना, १९५०च्या आसपास जन्मलेले त्याच वयाचे असताना होती त्याच्या तुलनेत, आतड्याच्या कॅन्सरची जोखीम दुप्पट आणि गुदाशयाच्या कॅन्सरची चौपट आहे. २०१८मध्ये कॅन्सर सोसायटीने आणि २०२१मध्ये तिथल्या सरकारने नेमलेल्या तज्ज्ञमंडळाने वय ४५वर आणलं. हे ४५ कोणत्या प्रयोगातून आलं? कोणत्याही नाही. संगणकावर मांडलेल्या हिशोबातून आलं.

आणि आकडे नुसते विज्ञानाने ठरत नाहीत. इंग्लंडने २००६मध्ये ६०व्या वर्षापासून सुरुवात केली, कारण दुर्बिणी आणि त्या चालवणारे हात तेवढेच होते. नेदरलँड्सने २०१४मध्ये फिट सुरू केली, तर अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त लोकांच्या चाचणीत रक्त दिसलं. दुर्बिणीसाठी रांगा लागल्या. मग काय केलं? किती रक्त दिसलं म्हणजे पुढे पाठवायचं, ती मर्यादाच सरळ तिप्पट वाढवली. रोग तोच, चाचणी तीच. वर्षाच्या मध्यावर "दोषी" कोण, हे बदललं.

थांबायचं केव्हा, याचाही आकडा आहे. अमेरिकेत ७५पर्यंत सरसकट, ७६ ते ८५ माणूस पाहून, पुढे नको. हजार लोकांत एक मृत्यू टाळायला तपासणीनंतर सुमारे दहा वर्षं जावी लागतात, असा हिशोब २०१३मध्ये मांडला गेला. आणि कोलोनोस्कोपी अगदी निर्धोक नाही. दहा हजारांत सुमारे तिघांच्या आतड्याला छिद्र पडतं, पंधराएक जणांना मोठा रक्तस्राव होतो. ८२ वर्षांच्या, हृदयविकार असलेल्या आजोबांना हौसेने दुर्बिणीला नेऊ नये, ते यासाठी.

आणि आपल्याकडे?

भारतात या रोगाचं प्रमाण, वयाचा फरक काढून टाकला तर, लाखामागे पाचच्या आसपास आहे. नॉर्वे-डेन्मार्कमध्ये ते चाळीसच्या वर आहे. नॉर्डिक प्रयोगातले ४५५ आठवा. बाकी सगळं तसंच धरलं आणि जोखीम फक्त एक चतुर्थांश केली, तर एक कॅन्सर टाळायला १,८०० लोकांना बोलवावं लागेल. छिद्र पडण्याचा धोका मात्र कमी होणार नाही. २०१६च्या केंद्र सरकारच्या आराखड्यात तिशीवरच्यांसाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कॅन्सरची तपासणी आहे, आतड्याची नाही. आमच्या मते यामागे दुर्लक्ष नाही, हिशोब आहे.

असे हिशोब प्रयोगाने करायची परंपरा आपल्या महाराष्ट्रातच आहे, हे विसरू नये. मुंबईच्या वस्त्यांत टाटा मेमोरियलने दीड लाख बायकांवर केलेल्या प्रयोगात, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी व्हिनेगर लावून केलेल्या तपासणीने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने ते निम्म्यावर आणले. या निकालांकडे जगाने आदराने पाहिलं. आतड्याच्या कॅन्सरसाठी मृत्यू मोजणारा असा प्रयोग आपल्याकडे झालेला नाही.

पण प्रमाण कमी म्हणजे रोग नाही असं नव्हे. आपली लोकसंख्या एवढी, की वर्षाला सुमारे ७० हजार नवे रुग्ण होतात. आणि प्रमाण कायम राहतं असंही नाही. जपानमधून हवाई बेटांवर गेलेल्या लोकांत या रोगाचं प्रमाण एका-दोन पिढ्यांत अमेरिकनांच्या बरोबरीला आलं होतं. म्हणून न्यू जर्सीतल्या मुलाने "आपल्या लोकांना हे होत नाही" म्हणून बसू नये. त्याने तिथला नियम पाळावा.

इथल्यांसाठी चार गोष्टी सांगून थांबतो. पहिली, रक्त जात असेल, शौचाची सवय काही आठवडे बदलली असेल, वजन उतरत असेल, कारण नसताना रक्त कमी झालं असेल, तर वय विचारू नका. तिथे स्क्रीनिंगचे आकडे लागूच होत नाहीत. मूळव्याध म्हणून मेडिकलमधून मलम आणून वर्ष घालवणं, हा आपल्याकडचा खरा धोका. टाटा मेमोरियलच्या एका मोठ्या पाहणीत रुग्णांचं सरासरी वय पन्नाशीच्या आतच होतं. दुसरी, घरातला इतिहास विचारून लिहून ठेवा. कुणाला कितव्या वर्षी झाला, तेही लिहा. तिसरी, त्रास नाही, घरात कुणाला नाही, तरी पंचेचाळीस-पन्नाशीनंतर तपासणी हवीशी वाटत असेल, तर डॉक्टरांशी बोलून दर वर्षी किंवा दोन वर्षांनी फिट, हा साधा मार्ग आहे. पण त्यात रक्त आलं तर कोलोनोस्कोपी करायचीच. "पुन्हा एकदा तीच चाचणी करून बघू" असं करायचं नाही. अर्धी साखळी म्हणजे साखळीच नाही.

चौथी गोष्ट पॅकेजची. पूर्ण शरीर तपासणीच्या पॅकेजात सीईए नावाची रक्ताची चाचणी असते. १९६५मध्ये माँट्रियलच्या गोल्ड आणि फ्रीडमन यांनी हा पदार्थ शोधला, तेव्हा आतड्याचा कॅन्सर रक्तावरून ओळखता येईल अशी मोठी आशा होती. ती फोल ठरली. सुरुवातीच्या कॅन्सरात तो अनेकदा वाढत नाही, आणि सिगारेट ओढणाऱ्यांत कॅन्सर नसतानाही वाढतो. रोग झालेल्या माणसावर लक्ष ठेवायला तो उपयोगी आहे. तो नॉर्मल आला म्हणून निश्चिंत होऊ नका.

१९६८मध्ये विल्सन आणि युंग्नर यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी स्क्रीनिंगची दहा तत्त्वं लिहिली. त्यातलं शेवटचं असं, की तपासणी ही एकदा करून संपवायची गोष्ट नाही, ती चालू राहणारी प्रक्रिया आहे. आकड्यांचंही तसंच. आज सांगितलेले ४५, १०, २ उद्या बदलतील. बदलले म्हणून डॉक्टरांना काही कळत नाही, असं समजू नका. नवा पुरावा आला म्हणून ते बदलले असतील, तर ती चांगलीच खूण आहे. फक्त दर वेळी विचारायचं, हा आकडा कुणाच्या देशातून आला, कोणत्या पुराव्यावरून आला, आणि माझ्या घरात तो कितपत लागू पडतो?

आता प्रश्न घेऊ या.